वरच्या दाराचं काय करायचं

ता. ११ एप्रिल

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू, धाकटी आणि छकुली तिघंही ठीक असाल असं धरून चालतो. आम्ही दोघं आहोत तसे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझा उजवा खांदा कुरकुरतो, आणि आधी कुणाचं ऐकायचं यावरून आमची रोज सकाळी जुंपते.

मागचं पत्र कुणी कुणाला लिहिलं होतं ते आठवत बसत नाही. तू लिहीत नाहीस, मी लिहीत नाही, फिट्टंफाट. आता कामच असं निघालंय की तुला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

घराच्या भिंतींना बाहेरून जाड आवरण चढवायचं ठरवलं आहे. गेल्या हिवाळ्यात हीटर दिवसभर चालू ठेवला तरी भिंतीकडची बाजू गारच राहायची. वहिनी तीन महिने पलंगावरून खाली उतरली ती फक्त गरजेपुरती. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण आधी घर गरम करा. म्हणून आता दगड वितळवून काढलेल्या लोकरीचे चार बोटं जाडीचे तक्ते विटांवर बसवायचे, त्यावर जाळी आणि त्यावर चुन्याचा गिलावा. बाबांनी एकेक करून रचलेल्या विटा आता दिसणार नाहीत. मला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. नाही वाटलं. दमलोय रे. आता ऊब मिळाली की पुरे, विटा दिसोत न दिसोत.

काम घेतलंय ती एक बाई आहे, पस्तिशीची असेल, हाताखाली दोन कारागीर. तिच्याकडे दोन सुयांचं एक छोटं यंत्र आहे. ते भिंतीला टोचलं की आत किती ओल आहे ते आकड्यात दिसतं; तांबडा दिवा लागला तर वाईट, हिरवा लागला तर चांगलं. वहिनीने पहिल्याच दिवशी तिचं नाव टोचणीबाई ठेवलं. एकदा तोंडावरच निघून गेलं, तर ती बाई हसत सुटली आणि म्हणाली, "काकू, सासरी याहून वाईट नावं आहेत मला."

तर मुद्दा असा. मापं घेताना तिने वर बोट केलं.

"काका, वर कोण राहतं?"

"सध्या कुणी नाही."

"मग हा लोखंडी जिना कापून टाकू. त्याचे दांडे भिंतीत घुसलेत, त्यातून थंडी आत येते. वरचं दारही विटांनी बंद करू आणि त्यावर तक्ते मारू. घरात एक आतला जिना आहेच की."

मी म्हटलं, विचारून सांगतो. कुणाला विचारणार ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जिना आपण दोघांनी बसवला होता, तुझ्या लग्नाच्या वर्षी. नवीन जोडप्याने माझ्या स्वयंपाकघरातून ये-जा करायला नको म्हणून. तेव्हा दार तुझं आहे. ठेवायचं की झाकायचं ते तू सांग. महिनाअखेरपर्यंत कळव, मग परांची उभी राहील.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी म्हणते, छकुलीच्या छातीचं विचारा. विचारलंय असं समज.


ता. ६ मे

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. "झाकून टाक. आम्हाला लागणार नाही." पाच शब्द. पाकिटावरचा पत्ता त्याहून लांब होता.

ठीक आहे. पण दार अजून झाकलेलं नाही, कारण कामच थांबलंय.

झालं असं की टोचणीबाईने तक्ते लावायच्या आधी चारही भिंती टोचून पाहिल्या. तीन बऱ्या निघाल्या. वरच्या खोलीची मागची भिंत मात्र तांबडी. एका जागी टोचली, दुसऱ्या जागी टोचली, सगळीकडे तांबडा दिवा. मग तिनं हातोडीच्या मागच्या टोकाने एका विटेवर हळूच ठोकलं, तर विटेचा तळहाताएवढा पापुद्रा निघून खाली पडला. आतली वीट ओली होती, भिजवलेल्या पावासारखी.

तिनं विटांमधले सांधे पाहिले आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "सिमेंट भरलंय कुणी हे?"

मी विचारलं, का, काय झालं? पक्कं आहे की.

"पक्कं आहे तेच तर वाईट आहे, काका. तुमची वीट मऊ, आतला जुना चुना मऊ. त्याच्यावर बाहेरून कडक सिमेंट ठोकून बसवलं की पाणी बारीक भेगांतून आत जातं आणि बाहेर यायची वाट बंद होते. मग ते खोलीत निघतं. मी असेच तक्ते लावले तर भिंत आतल्या आत कुजेल."

तर आता त्या भिंतीतलं सगळं सिमेंट खरवडून काढायचं, सांधे परत चुन्याने भरायचे आणि यंत्राचा दिवा हिरवा होईपर्यंत वाट पाहायची. दोन महिने लागतील, कदाचित तीन. तिचे कारागीर करणार होते, पण मी म्हटलं ते मी करतो. ती माझ्याकडे बघत राहिली. चौसष्ट वर्षांचा माणूस परांचीवर! वहिनीने तर माझी अक्कलच काढली. पण करतोय. छिन्नी, हातोडी आणि तोंडाला फडकं. दिवसाला विटांच्या चार ओळी होतात, पाचवीला हात वर होत नाही. का करतोस, असं विचारू नकोस.

ते सिमेंट आपण दोघांनी भरलं होतं, नाही का? बाबा गेल्यावर तिसऱ्या वर्षी. तुला आठवत असेल किंवा नसेल.

दार आणि जिन्याचं मी बघतो. घाई नाही.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्र धाकटीला वाचून दाखवू नकोस. म्हणजे सिमेंटचं एवढं नको. बाकीचं दाखव.


ता. १९ ऑगस्ट

बारक्या,

या पाकिटात दुसरं पाकीट आहे. ते तुझं नाही. न फोडता धाकटीला दे. तिनं वाचून झाल्यावर तुला दिलं तर वाच, नाही दिलं तर मागू नकोस.

दादा


ता. १९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहितोय, घ्यायचा की नाही ते तू ठरव. तू या घरात आलीस त्याला सतरा वर्षं झाली आणि मी तुला एकदाही पत्र लिहिलं नाही. घरात होतीस तोवर गरज नव्हती, गेलीस त्यानंतर धीर झाला नाही. मायना काय लिहायचा यावरच सकाळ गेली. शेवटी तुझी जाऊ म्हणाली, "अहो, नाव लिहा आणि पुढे चला. तिला मायन्याची पडलेली नाही."

मी सडेतोड माणूस, पोटात एक ओठात एक मला जमत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवलं. ते खरं नाही. बारक्याला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत नुसतं इकडचं तिकडचं बोलत राहिलो. आता सरळ लिहितो.

तुमच्या खोलीत ओल येत होती ती तुझ्या कपड्यांमुळे नव्हती. माझ्यामुळे होती.

छकुली पोटात होतीस— बघ, काय लिहितोय मी— छकुली तुझ्या पोटात होती त्या वर्षी मी मागच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले. बाबा दर दोन-तीन वर्षांनी परांचीवर चढून झिजलेला चुना काढायचे आणि नवा भरायचे. मला ते खुळेपणाचं वाटायचं. पस्तीस वर्षं मी पाण्याच्या पाइपांवर काम केलं. गळती दिसली की आवळायचं, बुजवायचं, एवढंच मला येतं. बारक्या म्हणाला होता, दादा, बाबा चुनाच भरायचे, काहीतरी कारण असेल. मी त्याला म्हटलं, बाबांना वर चढायची हौस होती, मला नाही, तू बादली दे. तो मुकाट्याने बादल्या देत राहिला. मागच्या पत्रात मी त्याला "आपण दोघांनी" असं लिहिलं. तेही खोटं. काम माझं एकट्याचं.

पहिल्याच हिवाळ्यात तुमच्या पलंगामागे भिंत काळी पडली. तू बाळाचे कपडे खोलीत दोरीवर वाळत घालायचीस. मी म्हटलं, त्यामुळेच. आणि मला ते खरंच वाटत होतं, एवढं तरी माझ्या बाजूने धर. दुसऱ्या हिवाळ्यात मी फर्मान काढलं की खोलीत ओला कपडा दिसता कामा नये. अंगणात तार बांधून दिली आणि वर उपकार केल्यासारखा वागलो. तू त्या थंडीत रोज जिना उतरून झबली-दुपटी बाहेर घालायचीस. ती गोठून कडक होऊन यायची, ओलीच यायची. तू ती कडेवर घेऊन पुन्हा वर जायचीस. मी खालच्या खिडकीतून बघायचो.

आता जे कुणालाच माहीत नाही ते सांगतो. तुझ्या जावेलाही परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी तुम्ही दोघं छकुलीला घेऊन डॉक्टरकडे गेला होतात, तेव्हा मी वर तुमच्या खोलीत गेलो. तपासायलाच गेलो होतो. कुठे ओलं फडकंसुद्धा नव्हतं. पलंगाखाली पाहिलं, दाराच्या मागे पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. धाकटी, मी तुझं कपाट उघडलं. सगळं कोरडं, घड्या घातलेलं. मग भिंतीवर हात ठेवला, तर पाणी. हा हात फिटरचा आहे. पाणी कुठून येतंय ते याला कळतं. ते हवेतलं पाणी नव्हतं, ते विटांच्या आतून येत होतं. मला तिथे उभ्या उभ्या कळलं की चूक माझी आहे.

मी खाली येऊन तसं सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण सगळे म्हणायचे, दादाने हात लावला की गळती थांबते. ते ऐकायची मला चटक लागली होती.

त्या दिवशी जेवताना काय झालं ते तुला आठवतच असेल. मी म्हटलं, अजून ओल येतेय, म्हणजे लपवून वाळत घालतेस. तू म्हणालीस, "भाऊजी, नाही हो घालत." पुन्हा म्हणालीस. मी म्हटलं, मग भिंत काय रडते का? आणि हसलो. तुझ्या मांडीवर छकुली होती, तिच्या छातीतली घरघर ताटापर्यंत ऐकू येत होती. तू खोटी नाहीस हे माहीत असून मी तुला चारचौघांत खोटं पाडलं. बारक्याने एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यालाही वाटलं असेल, दादा म्हणतो म्हणजे काहीतरी असेल. तुझ्या नवऱ्याने तुझ्याकडे तसं बघावं, हे मी केलं.

तीन दिवसांनी छकुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून तुम्ही परत आलाच नाहीत. सामान न्यायला बारक्या एकटा आला आणि जिन्याने चढला, जिन्याने उतरला, खाली आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. मी सगळ्यांना सांगत राहिलो की धाकटीला वेगळं राहायचंच होतं.

या मे महिन्यात टोचणीबाईने तिच्या कागदावर लिहायला विचारलं, भिंतीचं आधीचं काम कुणी केलं? हमीच्या कागदावर तसा रकानाच आहे. मी म्हटलं, धाकट्या भावाने. तोंडातून सहज निघून गेलं. चौदा वर्षांची सवय. ती म्हणाली, "त्यांना सांगा, पुन्हा कुणाच्या घराला हात लावू नका." आणि मी मान डोलावली. त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. मग छिन्नी घेतली.

सात आठवडे खरवडत होतो. जूनअखेर चुना भरून झाला. आठवड्याला बाई येऊन टोचायची. तांबडा, तांबडा, मग पिवळा. ऑगस्टच्या सुरुवातीला पहिला हिरवा लागला. मी परांचीवर होतो, तिथेच खाली बसलो.

त्यानंतर तुझ्या जावेने काय केलं ते ऐक. मला न सांगता ती आठवडाभर घरातलं सगळं धुणं वरच्या खोलीत वाळत घालत होती. चादरी, पडदे, माझ्या पँटी, आणि खिडक्या घट्ट बंद. ते गुडघे घेऊन रोज आतल्या जिन्याने चढायची. आठव्या दिवशी टोचणीबाईला वर घेऊन गेली आणि म्हणाली, टोच. काच घामेजली होती. पण भिंतीला हिरवा दिवा लागला. बाई म्हणाली, कपड्यांचा दमटपणा वरवरचा असतो, खिडकी उघडली की जातो, तेवढ्याने भिंत भिजत नाही. तुझ्या जावेने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "मी पण तेव्हा गप्प बसले होते. मला वाटलं, तुम्हाला कळत असेल." मग मी तिला त्या रविवारचं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पेन आणि कागद माझ्यासमोर ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

माझं चुकलं. हे दोन शब्द मी आजवर कुणाला म्हटल्याचं आठवत नाही, म्हणून लिहायला जड जातायत. ओल यावी ही चूक. तुझ्यावर ढकललं ती चूक नव्हे, ते पाप. छकुलीच्या छातीचा आजार त्या भिंतीमुळेच झाला का, ते मला माहीत नाही. तो प्रश्न माझ्यासोबत राहील. तुम्ही परत या असं मी म्हणत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? छकुली मोठी झाली आहे, तिला सांगायचं का आणि काय सांगायचं, ते तुझ्यावर.

गेल्या आठवड्यात तक्ते लागले. बारक्याने दार झाकून टाक असं कळवलं होतं. झाकलं नाही. तो माझं पत्र वाचून बोलत होता, तुला विचारून नाही. जिन्याचे भिंतीतले दांडे कापले, पण जिना काढला नाही. तीन इंची पाइपाचे चार खांब जमिनीत रोवून तो त्यांच्यावर उभा केलाय, भिंतीला स्पर्शसुद्धा नाही. टोचणीबाईने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे मात्र तुम्हाला येतं."

हमीच्या कागदावरचं नाव बदला म्हटलं तेव्हा ती म्हणाली, खोडाखोड चालत नाही, नवा कागद भरावा लागेल. भरला. जुना कागद या पत्राबरोबर पाठवतोय. ज्यावर बारक्याचं नाव मी खोटंच घातलं तो कागद माझ्या घरात नको. फाड, जाळ किंवा ठेव.

अंगणातली तार काढून टाकली. तीच तार वरच्या खोलीत बांधली आहे, पलंगामागच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, तुझ्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. दोन्ही आकडे मीच ठोकले. तिच्यावर आज काहीही नाही.

भिंतीचे पूर्वीचे काम करणारा,
तुझा मोठा दीर